टीव्ही मोठा आहे, तरी ऐकू येत नाही



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्यावर बोललं गेलं, राज्यघटनेवर, सहकारावर, पाणीप्रश्नावर बोललं गेलं. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर जरा चाचरत विचारलं, "टीव्ही म्हणजे माध्यमांचा समाजमनावर परिणाम, असंच ना?" म्हटलं, नाही हो, टीव्हीचा आवाज. संध्याकाळी सात ते दहा या वेळात कुठल्याही सोसायटीचा जिना चढा. दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या बंद दाराआडून अख्खी मालिका ऐकू येते, तो आवाज. त्या दारामागे बहुधा सत्तरीपुढचं कुणीतरी बसलेलं असतं. संवाद जिन्यातल्या माणसाला कळतात आणि टीव्हीसमोरच्या माणसाला कळत नाहीत.

हा हशाचा विषय आहे हे मला ठाऊक आहे. आपल्या फार्सांत ठार बहिरे आजोबा आले की नाटककाराला पुढची दहा मिनिटं फारसं काही सुचावं लागत नाही. दिसेनासं झालेल्या माणसाचा हात आपण धरतो. ऐकू येईनासं झालेल्याला हसतो, नाहीतर त्याच्यावर खेकसतो. चष्मा आपण हौसेने निवडतो, कानाचं मशीन मात्र केसांआड लपतं का ते आधी आरशात पाहतो.

माझा या विषयाशी दोन बाजूंनी संबंध आहे. आयुष्याचा मोठा भाग मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काढला. आधी फिती होत्या, मग संगणक आले. दुसऱ्यांचे संवाद स्वच्छ करून देणं हेच माझं पोट भरण्याचं साधन होतं. आता माझ्याच दोन्ही कानांत यंत्रं आहेत. तेव्हा कारागीर आणि गिऱ्हाईक अशा दोन्ही नात्यांनी बोलण्याचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

आधी कानाचं बघू. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते, तिला कर्णावर्त म्हणतात. तिच्यात सूक्ष्म केसपेशी रांगेने उभ्या असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. ध्वनीची लाट या नळीतून कशी सरकते आणि कुठला सूर कुठे शिगेला पोचतो, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिलं. 1961 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. उंच पट्टीचे ध्वनी नळीच्या तोंडाशी पकडले जातात, खालच्या पट्टीचे आत शेवटाकडे. वय झालं की तोंडाजवळच्या पेशी आधी मरतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे म्हातारपणी सगळाच आवाज सारखा कमी होतो, ही समजूत चुकीची आहे. वरची पट्टी जाते, खालची बराच काळ टिकते.

याचा मराठी बोलण्यावर काय परिणाम होतो? आपले स्वर, आ, ई, ऊ, ओ, हे खालच्या पट्टीत असतात आणि दमदार असतात. व्यंजनं बारीक असतात. त्यातही श, ष, स, ह हे ऊष्म वर्ण आणि च, फ, थ, ख यांच्यातला श्वासाचा फवारा बराचसा वरच्या पट्टीत असतो. लिहिलेल्या पानावरचे काने, मात्रा, वेलांट्या तशाच ठेवाव्यात आणि अक्षरं तेवढी खोडरबराने पुसावीत, तसं बोलणं कानावर येतं. "गाडी पाचला आहे," "सातला आहे," "आठला आहे," या तिन्ही वाक्यांत मधला 'आ' पोचतो, कडेची व्यंजनं पोचत नाहीत. मग गाडी चुकते. घरचे म्हणतात, तीनदा सांगितलं होतं! सांगितलं होतंच. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळात उंच पट्टीचे, म्हणून आजोबांना मुलाचं बोलणं कळतं आणि नातीचं कळत नाही. सुनेला वाटतं, हे मुद्दाम माझं ऐकत नाहीत. यावरून घरांत किती काळ अबोला धरला गेला असेल याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कळली तर अर्धी भांडणं मिटतील. केसपेशी मेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. दोन्हींच्या मधलं अंतर आकसतं. म्हणून आई म्हणते, "जरा मोठ्याने बोल." तुम्ही मोठ्याने बोलता. आई म्हणते, "ओरडतोस कशाला?" हा तऱ्हेवाईकपणा नाही, तिच्या कानाची घडणच आता तशी झाली आहे. टीव्हीचंही असंच होतं. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा, तर मधेच जाहिरात येऊन कानात खिळे ठोकते. गंमत म्हणजे जाहिरातींचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांतल्या जाहिरातसंहितेत लिहून ठेवलेलं आहे. लिहून ठेवलेलं आहे, एवढंच मी म्हणेन.

आता तुम्ही विचाराल, समोर बसून बोललेलं बऱ्यापैकी कळतं, मग टीव्हीवरचंच का कळत नाही? इथे माझ्या धंद्याची गोष्ट सुरू होते.

समोरासमोर बोलताना आपण नकळत ओठ वाचत असतो. कान चांगले असलेलेही वाचतात, कमी ऐकणाऱ्याचा तर तो आधारच असतो. मालिकेत काय होतं? सासू बोलत असते आणि कॅमेरा सुनेच्या चेहऱ्यावर असतो. नवरा बोलतो, दृश्य आजीचं. बोलणाऱ्याचे ओठ पडद्यावर नसतातच, कारण मालिकेचं सगळं नाट्य ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. दाक्षिणात्य चित्रपट डब होऊन येतात, त्यात ओठ एका भाषेत हलतात आणि शब्द दुसऱ्या. त्यावर पार्श्वसंगीत. मराठी दैनंदिन मालिकेत शांतता म्हणजे जणू गुन्हा. दुःखाला व्हायोलिन, संशयाला ढोल, कुणी दार उघडलं तर तीनदा दणका. तरुण कान संगीतातून संवाद निवडून घेतो, कारण गोंगाटातून शब्द वेगळा काढणं हे मेंदूचं काम आहे आणि त्याला पुरेसा माल कानाकडून मिळत असतो. म्हाताऱ्या कानाकडून तुटका माल येतो.

मिक्सिंगच्या खोलीतलं एक गुपितही सांगतो. तिथे बसलेला माणूस उत्तम स्पीकरवर, बंद खोलीत, तोच प्रसंग विसाव्यांदा ऐकत असतो. त्याला संवाद पाठ झालेले असतात. पाठ झालेला शब्द कधी अस्पष्ट वाटत नाही. संगीत आणखी थोडं चढवलं तरी त्याला 'कळतंय की' असंच वाटतं. सगळे मिक्सिंग करणारे या भ्रमात असतात आणि दिग्दर्शक त्यांच्याहून जास्त, कारण ते वाक्य त्याने आदल्या रात्री स्वतः बदलून घेतलेलं असतं. या कामाला दर आठवड्याला एक तिऱ्हाईत आजी बसवाव्यात असं मी एकदा बैठकीत सुचवलं होतं. सगळे छान हसले.

पुढे तो आवाज तुमच्या घरात येतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचाला खोली होती, स्पीकर समोरच्या बाजूला असायचा. आता टीव्ही भिंतीवरच्या तसबिरीइतका पातळ झाला आणि स्पीकरला जागाच उरली नाही. तो खाली तोंड करून किंवा मागच्या बाजूला बसवलेला असतो. आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. खाली गुळगुळीत फरशी, खिडक्यांना काचा, वर पंखा गरगरतोय, हॉलला लागूनच स्वयंपाकघर. व्यंजनं कानापर्यंत पोचायची कशी?

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, पुढे कितीतरी वर्षं प्रदीप भिडे वाचत. चेहरा समोर, ओठ स्पष्ट दिसायचे, मागे संगीत नाही, वाक्य संपल्यावर श्वासाला जागा. आज तो नमुना पुढे ठेवून पाहा, कमी ऐकणाऱ्याला काय हवं असतं ते सगळं त्यात होतं. अर्थात तेव्हा माझेही कान तरुण होते, हेही खरंच. जुनं सगळं सोनं होतं असं सांगायला मी आलेलो नाही. त्या काळातली काही ध्वनिमुद्रणं आज ऐकली तर लाज वाटावी अशी आहेत. पण रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची शिस्त घेतलेले नट टीव्हीवर आले होते, त्याचा फायदा व्हायचा. हल्ली पुटपुटण्याला नैसर्गिक अभिनय म्हणतात.

माझं आणखी एक निरीक्षण आहे, ते तुम्ही घरी ताडून पाहा. अनेक आजोबा मालिका सोडून दिवसभर बातम्यांच्या वाहिन्या लावून बसतात. घरचे वैतागतात की तीच तीच बातमी. माझा अंदाज असा, की तिथे अक्षरं असतात. खाली पट्टी सरकते, वर मोठ्या टायपात मथळा, बाजूला चौकट. ओरडाआरडा ऐकू नाही आला तरी काय चाललंय ते वाचून कळतं. त्यांना राजकारणाचं वेड लागलंय असं आपण म्हणतो. खरं तर तो एकच कार्यक्रम त्यांना परवडतो. क्रिकेटचंही तसंच, धावफलक बोलतो.

आणि मालिका का सुटते? तिथे एक छोटा प्रसंग रोज घडतो. आजी विचारते, "काय म्हणाली ती?" पहिल्यांदा कुणीतरी सांगतं. दुसऱ्यांदा सांगतं, पण पडद्यावरची नजर न काढता. तिसऱ्यांदा उत्तर येतं, "काही नाही." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्यालाही पुढचं वाक्य चुकवायचं नसतं. पण "काही नाही" हे कमी ऐकणाऱ्याला दिलं जाणारं सगळ्यात क्रूर उत्तर आहे, कारण काहीतरी होतं हे तिने तुमच्या हसण्यावरून पाहिलेलं असतं. चार दिवसांनी ती विचारणं सोडते, मग गॅलरीत जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या मालिकेवरच बोलणं चालतं, त्यातूनही ती बाद. मालिका सुमार असेल, असतेच. पण एका घरातली तीन पिढ्यांची माणसं ज्यावर एकत्र बोलतात असे विषय आता उरलेत किती?

या एकटेपणाची दखल वैद्यकानेही घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये श्रवणावर मोठा अहवाल काढला. संघटनेच्या हिशोबाने साठीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जणांना उपचाराची किंवा साधनाची गरज पडावी इतपत कमी ऐकू येतं. 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या आयोगाने 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता येण्याजोगे चौदा घटक मांडले, त्यांत श्रवणदोष ठळक आहे. इथे थोडं सावध राहायला हवं. यंत्र लावलं की विसराळूपणा जातो असं विकणारे सांगतात, तसं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर यंत्राने बुद्धीची घसरण थांबल्याचं दिसलं नाही. मात्र ज्यांना मुळातच धोका अधिक होता त्या गटात घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. मला हे पुरेसं वाटतं. आणि समजा मेंदूला काहीच फायदा नसता, तरी नातवाचं बोलणं कळणं हे काय कमी कारण आहे?

आपल्याकडे या सगळ्यात वयाबरोबर कामाचाही वाटा आहे. गिरणगावात साचेखात्यात आयुष्य काढलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओठांनी आणि हातांनी. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत यंत्रमाग आजही तसेच धडधडतात आणि मागावरच्या माणसाच्या कानात फार तर कापसाचा बोळा असतो. गोंगाटाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदला गेला होता. 1982 च्या संपाने गिरणी कामगारांचं काय काय गेलं याची यादी आपण पुन्हा पुन्हा करतो, कान त्या यादीत कधी आले नाहीत. ते संपाआधीच गेले होते. ढोलताशा पथकांतल्या मुलामुलींनीही हे ऐकून ठेवावं. त्यांच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही, पण कानात घालायच्या बोळ्यांची जोडी ढोलाच्या दोरीहून स्वस्त मिळते.

उपायांकडे येतो. काही झटपट सांगतो.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. निव्वळ मळाचा खडा असेल तर पाच मिनिटांत जग बदलतं. एका कानाचं ऐकणं एकाएकी, एक-दोन दिवसांत गेलं तर मात्र ती तातडीची बाब समजा. 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणू नका, कारण लवकर औषध मिळालं तरच उपयोगाची आशा असते. बाकीच्यांनी ऑडिऑलॉजिस्टकडून तपासणी करून कानाचा आलेख काढून घ्यावा. उजवा कान लाल गोलांनी आणि डावा निळ्या फुल्यांनी दाखवतात. तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा. उजवीकडे उतरत गेलेली ती रेघ पाहिली की "यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं" हा टोमणा बंद होतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे, तिथे तपासणीही होते आणि मार्गदर्शनही मिळतं.

यंत्राबद्दल दोन शब्द. सरकारने श्रवणयंत्राला जीएसटीतून सूट दिली आहे, तरी चांगली जोडी घ्यायची तर मध्यमवर्गीय माणूसही दचकतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी एकदा 3,000 रुपये मिळतात. ते जरूर घ्यावेत. त्यात बऱ्यापैकी डिजिटल यंत्र बसत नाही, हेही जाणून घ्यावं. आणि यंत्र आणल्या दिवशीच टीव्हीसमोर बसू नका. इतकी वर्षं न ऐकलेला पंखा, भांड्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी सगळं एकदम अंगावर येतं. मेंदूला जुळवून घ्यायला आठवडे लागतात, कधी महिने. पहिले काही दिवस शांत खोलीत एकाच माणसाशी बोला. कपाटाच्या खणात पडलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेकांनी पहिल्या आठवड्यात हार खाल्लेली असते.

यंत्राचा माइक समोर दोन हातांवर बोलणाऱ्या माणसासाठी चांगला असतो. पलीकडच्या भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज आणि मधल्या खोलीचा घुमारा तो वेगळा करू शकत नाही. त्यासाठी टीव्हीला जोडायची एक लहानशी डबी मिळते, तिला स्ट्रीमर म्हणतात. ती आवाज थेट यंत्रात सोडते. मधली खोली बाद होते, आणि बाकीच्यांना टीव्ही हवा तेवढा हळू ठेवता येतो. यंत्र नसेल तर बिनतारी हेडफोन घ्या, पण विकत घेण्याआधी आवाज ओठांच्या मागे पडत नाही ना ते पाहा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारा पर्याय असेल तर तो सुरू करा, आणि सिनेमागृहासारखा आवाज देऊ म्हणणारे सगळे पर्याय बंद करा. खिडकीला जाड पडदा, खाली सतरंजी. खुर्ची पुढे ओढा. यात शास्त्र फारसं नाही, तरी फरक पडतो.

हे सगळं करूनही काही शब्द सुटतातच. म्हणून मी आता माझ्या खऱ्या मागणीकडे येतो. पडद्यावर अक्षरं हवीत, आणि ती मराठी कार्यक्रमाखाली मराठीतच हवीत.

अमेरिकेत 16 मार्च 1980 पासून काही वाहिन्यांनी हवी तेव्हा दाखवता येतील अशी अक्षरं द्यायला सुरुवात केली. 1990 साली कायदा होऊन 1993 पासून तेरा इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक संचात ती सोय सक्तीची झाली. बीबीसीने 2008 मध्ये आपल्या मुख्य वाहिन्यांवरचे सगळे कार्यक्रम अक्षरांसह द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे हे सुचलंच नाही असं मात्र नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायची कल्पना मांडली, 1999 मध्ये गुजराती दूरदर्शनवरच्या चित्रगीतांत ती अमलात आली आणि पुढे 'चित्रहार'पर्यंत पोचली. त्यांचा हेतू साक्षरतेचा होता. नवसाक्षर माणूस गाणं ऐकता ऐकता वाचायला शिकतो. आमचा प्रवास उलट दिशेचा, आम्ही वाचता वाचता ऐकतो. पट्टी मात्र तीच लागते.

केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर 2019 मध्ये ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी मानकं जाहीर केली. वृत्तवाहिन्यांनी दिवसाला एक बातमीपत्र आणि इतर वाहिन्यांनी आठवड्याला एक कार्यक्रम सांकेतिक भाषेत किंवा अक्षरांसह द्यावा, अशी त्याची सुरुवात होती, पुढे प्रमाण वाढत जायचं होतं. त्यातल्या 'किंवा' या जागी आमची गाडी अडते. जन्मापासून बधिर असलेल्यांची सांकेतिक भाषा ही समृद्ध भाषा आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यातला दुभाषी हा त्यांचा हक्कच आहे. पण सत्तराव्या वर्षी कान गेलेल्या माणसाला ती भाषा येत नाही. त्याला देवनागरी येते. हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत आणि एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं भागत नाही. त्यातून 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी ऐकू येण्याची व्याख्या दोन्ही कानांत 60 डेसिबलच्या दोषापासून सुरू होते. साधं बोलणंच साधारण 60 डेसिबलचं असतं. पन्नासाचा दोष असलेला माणूस कागदोपत्री ठणठणीत आणि मालिकेतल्या अर्ध्या वाक्यांना मुकलेला.

ओटीटीवर मराठी चित्रपट लावून पाहा. खाली अक्षरं येतात, इंग्रजी! मराठी न येणाऱ्याची सोय झाली, ती उत्तम. पण कराडच्या किंवा परभणीच्या आजींनी, ज्यांची अख्खी हयात मराठीत गेली, त्यांनी आपल्याच भाषेतला चित्रपट इंग्रजी वाचून समजून घ्यायचा? जानेवारी 2023 मध्ये 'पठाण' या हिंदी चित्रपटाच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवर येताना हिंदी अक्षरं द्या असं निर्मात्यांना सांगितलं. हिंदी चित्रपटाला हिंदी, म्हणजे मुद्दा न्यायालयाला कळला. मराठीसाठी कुणी न्यायालयात जावं लागू नये एवढीच इच्छा आहे.

वाहिन्यांचं म्हणणं मला पाठ आहे. दैनंदिन मालिकेचा भाग प्रसारणाच्या आदल्या दिवशी, कधी त्याच दिवशी हातात येतो, अक्षरं टाकायला वेळ कुठे? मी त्याच खोलीत बसायचो, म्हणून उत्तर देतो. संवाद आकाशातून पडत नाहीत. संवादलेखकाने ते टाइप करून पाठवलेले असतात, देवनागरीत, चित्रीकरणाच्या आधी. मजकूर तयार असतो. फक्त तो दृश्याशी जुळवायचा असतो. नटांनी सेटवर बदललेली वाक्यं दुरुस्त करायला मराठी नीट येणारा एक माणूस लागेल. बोलण्याचं लिखाण करणारी संगणकी साधनं आता मराठीतही बरी चालतात. अँड्रॉइड फोनवर 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' नावाचं फुकट अॅप आहे, ते मराठी ओळखतं, चुका करतं, तरी बँकेत आणि डॉक्टरांकडे उपयोगी पडतं. तेव्हा अडचण तंत्राची नाही. दृश्य बिघडतं अशी दुसरी तक्रार असते. ज्याला नको त्याने अक्षरं बंद करावीत. रिमोटवर त्याचं बटण आहेच. ते दाबलं की काही दिसत नाही, एवढाच दोष आहे.

श्रोतेहो, या सभागृहात समोर बसलेल्यांत पांढरे केस बरेच दिसतात आणि छत उंच असल्याने माझा आवाजही घुमतो आहे. तुमच्यातल्या किती जणांपर्यंत सगळे शब्द पोचले मला माहीत नाही, म्हणून संयोजकांनी हे व्याख्यान छापून घेतलं आहे. प्रती दाराशी ठेवल्या आहेत. शेवटच्या पानावर जागा कोरी सोडली आहे, तिथे तुम्ही रोज बघता त्या वाहिनीचं आणि मालिकेचं नाव लिहा. खाली एकच वाक्य लिहा: "आम्हाला या मालिकेखाली मराठी अक्षरं हवीत." सही करा, वय लिहा आणि ते पान त्या वाहिनीच्या पत्त्यावर टपालाने पाठवा. मालिकेबद्दल आणखी काही मत असेल तर तेही लिहायला हरकत नाही.